‘आवाज फाटतोय? मोठा स्पीकर घ्या’: या मेसेजचा मुद्देसूद समाचार

कराओके ग्रुपांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर साधारण असा: ‘गाताना आवाज फाटतो म्हणजे स्पीकरचे वॅट कमी पडतात, मोठा घ्या. मिक्सरचा गेन फुल ठेवा आणि आवाज मास्टरवरून कमी-जास्त करा. मोबाइल कुठल्याही पिनने माइकच्या सॉकेटात लावला तरी चालतो. घूं असा आवाज येत असेल तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. उरलीसुरली खरखर एको वाढवला की झाकली जाते. ब्लूटूथ टाळा.’

सहा सल्ले आहेत. त्यातला एक जिवावर बेतणारा, एक अर्धवट खरा आणि बाकीचे खिशाला भोक पाडणारे.

‘वॅट कमी पडतात.’ कधीकधी पडतातही. पण पैसे काढण्याआधी दोन मिनिटांची परीक्षा घ्या. मास्टर, म्हणजे सगळा आवाज एकत्र कमी-जास्त करणारा शेवटचा नॉब, निम्म्यावर आणा आणि तेवढ्याच जोरात गा. आवाज लहान झाला पण फाटणं तसंच राहिलं, तर दोष अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरच्या आधी कुठेतरी आहे आणि नवा स्पीकर तोच फाटका आवाज आणखी मोठ्याने ऐकवेल. मास्टर खाली येताच आवाज स्वच्छ झाला तर मात्र अ‍ॅम्प किंवा स्पीकर दमतोय. मग माइक बंद करून नुसता ट्रॅक, म्हणजे गाण्याचं संगीत, वाजवा. ट्रॅक स्वच्छ आणि गळा फाटका असेल तर माइकचं चॅनल, म्हणजे मिक्सरवरची त्याची वाट, तपासायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

वॅट दुप्पट केले, म्हणजे 100 चे 200, तरी वाढ होते 3 डेसिबलची. कानाला ती जेमतेम जाणवते. आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ट्रॉली स्पीकरच्या खोक्यावर छापलेल्या हजारो वॅट पीएमपीओचं, म्हणजे फुगवलेल्या आकड्याचं, तर बोलायलाच नको. आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसेल तर 12 व्होल्टची बॅटरी 4 ओहमच्या स्पीकरला न फाटता जास्तीत जास्त 18 वॅट देऊ शकते. गणितच तसं आहे. बॅटरी उतरली की तेवढेही नाहीत. संध्याकाळी छान वाजलेला स्पीकर रात्री उशिरा फाटायला लागतो तो यामुळेच. त्यात कुणीतरी बेसचा नॉब शेवटपर्यंत फिरवलेला असतो. बेस 12 डेसिबलने वाढवला की त्या खालच्या सुरांसाठी सोळापट ताकद लागते. आधी बेस मध्यावर आणा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

‘गेन फुल, मास्टर कमी.’ सगळ्या मेसेजमधला हाच सल्ला सर्वांत जास्त आवाज फाडतो, म्हणून इथे जरा थांबू. माइकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. गेनचा नॉब त्याला पहिल्याच पायरीवर मोठा करतो. त्या पायरीची एक कमाल उंची असते. सिग्नल तिच्यावर गेला की लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि तोच आपल्याला फाटका, चिरका ऐकू येतो. मास्टर येतो त्यानंतर. तो खाली केला म्हणजे कापलेली लाट लहान होते, तिचा माथा परत उगवत नाही.

गेन असा लावा. चॅनलचा फेडर (आवाजाची सरकती कळ) आणि मास्टर पूर्ण खाली, बेस-ट्रेबल मध्यावर, एको बंद. ग्रुपमध्ये ज्याचा गळा सर्वांत मोठा त्याला माइक द्या आणि अंतऱ्यातली सर्वांत वरची ओळ पूर्ण जोर लावून म्हणायला सांगा. ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’वर गेन लावण्यात अर्थ नाही. बोलण्याचा आवाज आणि तार षड्जावरची तान यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हॅलोवर ठीक वाटलेला गेन पहिल्याच गाण्यात दगा देतो. माइक ओठांपासून दोन-तीन बोटं. आता पीक किंवा क्लिप लिहिलेला लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि मग दिवा अजिबात लागणार नाही इतका मागे घ्या. त्यानंतर फेडर 0 च्या खुणेवर, आणि हॉलला हवा तेवढा आवाज मास्टरवरून.

दिवाही नाही, गेनही नाही, नुसता ‘माइक व्हॉल्यूम’ असलेल्या मशिनात पहिली पायरी बहुधा कायमची ठरलेली असते. तिथे नॉब खाली करूनही फाटत असेल तर उपाय हातात आहे, अक्षरशः: माइक लांब धरा. ओठांपासून अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल उतरतात. जाळीभोवती मूठ आवळून धरायची सवयही सोडा. त्याने आवाज कोंदटतो आणि शिट्टी लवकर येते.

कॉर्डलेस माइकचं एक वेगळं दुखणं आहे. फाटणं माइकच्या दांड्यातच होऊ शकतं, मिक्सरपर्यंत पोचण्याआधी. काही माइकना सेल उघडायच्या जागी सेन्सिटिव्हिटीची बारीक कळ असते, ती एक पायरी खाली करा. आणि त्याही आधी सेल बदलून बघा.

‘मोबाइल माइकच्या सॉकेटात चालतो.’ चालतो, फाटत फाटत. माइक देतो मिलिव्होल्ट. मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून येणारा सिग्नल त्याच्या शंभरपटीच्या आसपास जाऊ शकतो. त्याची जागा लाइन इन किंवा ऑक्स.

पिन ‘कुठलीही’ चालते हे तर त्याहून चुकीचं. मोबाइलला लावायच्या 3.5 मि.मी. स्टिरिओ पिनेवर दोन काळ्या रेघा असतात; त्या पिनेचे तीन भाग करतात: डावा, उजवा आणि समाईक. तशीच दोन रेघांची 6.35 मि.मी.ची मोठी पिन मिक्सरच्या बॅलन्स्ड (एकच सिग्नल दोन तारांवर उलटसुलट घेणाऱ्या) सॉकेटात घातली की मिक्सरला ते डावं-उजवं कळत नाही. तो एकातून दुसरं वजा करतो. दोन्हीकडे जे सारखं आहे, म्हणजे बेस, ठेका, मधोमध ठेवलेली मुख्य धून, ते सगळं पुसलं जातं आणि कडेची व्हायोलिनं नि घुमारा तेवढा उरतो. गाण्यातून मूळ गायकाचा आवाज काढण्याची जुनी युक्ती हीच वजाबाकी होती; इथे ती चुकून तबल्यावर चालते. लोक म्हणतात ट्रॅक भिकार आहे. ट्रॅक बदलू नका, केबल बदला: एका टोकाला 3.5 मि.मी. स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला एकेका रेघेच्या दोन मोनो पिना, आणि त्या स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्या सॉकेटात.

‘अर्थिंगची पिन काढा.’ नाही. कधीच नाही. तीन पिनांपैकी ती जाड, लांब पिन उगाच नसते. यंत्रात फेज सुटून पत्र्याला लागली तर करंट तिच्यातून जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी उडतो. पिन नसेल तर तेच 230 व्होल्ट मिक्सरचा पत्रा, केबलच्या आतली तारांची जाळी असं करत माइकच्या धातूच्या जाळीपर्यंत येऊ शकतात, आणि ती जाळी गाणाऱ्याच्या ओठांशी असते.

घूं येतो त्याचं कारण बहुतेकदा दोन यंत्रं दोन वेगळ्या सॉकेटांतून अर्थ झालेली असतात आणि त्यांच्यामध्ये ऑडिओ केबलमुळे वेटोळं पूर्ण होतं. मिक्सर, अ‍ॅम्प, लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरी राहिला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं गेला तर लॅपटॉप ते मिक्सर या ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हे वेटोळं तोडणारी डबी, लावा. माइकच्या पत्र्याला हात लावल्यावर गुरगुर बदलत असेल तर केबलमधली जाळी तुटली आहे. एक्सएलआर, म्हणजे माइकच्या केबलचं तीन पिनांचं टोक, उघडून 1 नंबरच्या पिनेचं सोल्डर बघा.

‘एको वाढवा.’ फाटका आवाज एकदा ऐकू येत होता, आता चारदा येईल. शिवाय एकोची भर मूळ आवाजात पडते आणि पुढची पायरीही भरते. कोरडा आवाज स्वच्छ झाल्यावरच एको उघडा.

‘ब्लूटूथ टाळा.’ अर्धवट खरा तो हा. ब्लूटूथने आवाज फाटत नाही, उशिरा पोचतो. माइकची वायर थेट ट्रॉली स्पीकरला आणि ट्रॅक ब्लूटूथवरून असेल तर गाणाऱ्याला उशिराचा त्रास होत नाही, कारण तो ट्रॅक ऐकून गातो; फार तर मोबाइलवरचे शब्द थोडे आधी सरकतात. गळाच मोबाइलच्या अ‍ॅपमधून ब्लूटूथ स्पीकरवर पाठवला तर मात्र स्वतःचा आवाज मागून येतो आणि भलेभले तालाला चुकतात. तिथे केबलच लावा. फोन विमान मोडवर टाका म्हणजे धृपदात कुणाचा कॉल वाजणार नाही.