आठ मॅट मावतील एवढी खोली

घराजवळच मोठी वातानुकूलित जिम असताना दुप्पट फी भरून फक्त बायकांसाठीच्या लहानशा व्यायामाच्या स्टुडिओत कशाला जातेस, हे मला सासरच्यांपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी विचारून झाले आहे. बायका लाजतात म्हणून तिकडे जातात, हे उत्तर मला मुळीच पटत नाही. चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल १९९२ पासून धावते आहे आणि तिला आपण सोय म्हणतो, लाज म्हणत नाही.

दुसऱ्या बाळंतपणानंतर एका मोठ्या जिममध्ये मी वर्षाची फी एकरकमी भरली होती. पहिल्याच दिवशी वजन घटवण्याचा छापील तक्ता हाती आला. बाळ केवढे आहे, सिझेरियन झाले होते का, हे कोणीही विचारले नाही. दोरीवरच्या उड्या मारताना लघवीचे थेंब गळू लागले, ते विशीतल्या प्रशिक्षकाला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही आणि तीन महिन्यांत मी जाणे सोडले.

आता मी पार्ल्यात, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, जेमतेम आठ मॅट मावतील अशा खोलीत जाते. आमच्या बाई मूळच्या फिजिओथेरपिस्ट. पहिल्या दिवशी त्यांनी बाळंतपणे, पाळी, झोप, गुडघे असे सगळे वहीत लिहून घेतले. मग मला उताणे झोपवून डोके किंचित उचलायला लावले, बेंबीच्या वर बोटे टेकवली आणि गरोदरपणात विलग झालेले पोटाचे स्नायू अजून दोन बोटे दूरच आहेत, हे माझीच बोटे तिथे ठेवून मला दाखवले. लघवी रोखून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही सैलावलेले असल्यामुळे आधी श्वास सोडताना ते वर ओढून धरायला शिकायचे, उड्या नंतर. ते थेंब का गळत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

माझ्या शेजारच्या मॅटवरच्या काकू साठीच्या आहेत. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात, म्हणून त्या वजने उचलतात. आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. घरचे मात्र त्यांना वर्षानुवर्षे ‘नुसते चालत जा’ एवढेच सांगत आले.

फी जास्त आहे, हे मला सलते. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची तीन बाळंतपणे झाली आहेत आणि त्यांची कंबर माझ्याहून अधिक दुखते. महापालिकेच्या प्रसूतिगृहांतच बाळंतिणींसाठी असा वर्ग चालवावा, त्यासाठी एक रिकामी खोली आणि आठ सतरंज्या पुरतील.