चॅप्टरचा अहवाल कसा लिहावा

अभिनंदन! अमेरिकेतल्या कॉलेजात जाऊन तुम्ही फ्रॅटर्निटीत, म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव लावणाऱ्या मुलांच्या बंधुमंडळात, शिरलात आणि बघता बघता चॅप्टरचे, म्हणजे तुमच्या कॉलेजातल्या शाखेचे, सेक्रेटरीही झालात. घरी आईला 'आमच्या मुलांचं मंडळ आहे' एवढंच सांगितलंय, हे उत्तम केलंत. आता सत्र संपलंय आणि माजी सदस्यांना, म्हणजे ज्यांच्या देणग्यांवर फ्रॅटर्निटीच्या घराचं छप्पर टिकून आहे त्यांना, अहवाल धाडायचाय. गणेश मंडळाचा वार्षिक अहवाल ज्याने एकदा तरी ऐकलाय, त्याला हे जड जाऊ नये.

सुरुवात इतिहासाने करा. 1776 साली विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कॅपा निघाली आणि ग्रीक अक्षरांची परंपरा तिथून आली, असं अभिमानाने लिहा. ती संस्था आता मुलींनाही घेते आणि अभ्यास बघून निवड करते, हे मात्र गाळा. माजी सदस्यांचा उगाच गोंधळ होतो.

मग मार्क. बऱ्याच विद्यापीठांत दर सत्राला प्रत्येक चॅप्टरचा सरासरी जीपीए, म्हणजे मुलांच्या गुणांची सरासरी, जाहीर होतो. शेजारी सगळ्या फ्रॅटर्निटींची सरासरी असते आणि कॅम्पसवरच्या एकूण मुलांचीही. दोन्हींतली जी खाली असेल तिच्याशी तुलना करावी. तिच्याही खाली असाल तर गेल्या सत्राशी करावी. तिथेही घसरला असाल तर नव्या मुलांकडे बोट दाखवा. त्यांचा जीपीए काही ठिकाणी वेगळा छापतात, तुमची सोयच झाली. बिचारी रात्री दोन वाजता कुणाकुणाला गाडीतून घरी सोडत होती, सकाळी पार्टीनंतरचं तळघर धूत होती, उरलेल्या वेळात संस्थापकांची नावं पाठ करत होती. 'नवीन सदस्यांना वेळेच्या नियोजनाचे धडे देण्यात आले', असं लिहा. खोटं नाही.

समाजसेवेला एक ओळ पुरे. गोळा केलेली रक्कम द्या, टी-शर्टचा खर्च देऊ नका. फ्लॅग फुटबॉलमध्ये हरलात तर 'उपांत्यपूर्व फेरीपर्यंत धडक'; संघ किती होते, विचारतंय कोण?

नुकसानीचं प्रकरण जरा जपून. खिडक्या फुटल्या असतील तर 'नूतनीकरण प्रगतिपथावर'. विद्यापीठाने सोशल प्रोबेशनवर टाकून पार्ट्या बंद केल्या असतील तर 'या सत्रात अंतर्गत बंधुभावावर भर दिला'.

दारूचा उल्लेखच नको. अमेरिकेत 21 वर्षांच्या आत दारू विकत मिळत नाही आणि पहिल्या वर्षाची मुलं अठरा-एकोणीसची असतात, म्हणजे ती पीत नाहीतच. पेन स्टेटमधल्या बीटा थीटा पायच्या घरात तर दारूबंदी होती, वर कॅमेरेही होते. 2017 च्या फेब्रुवारीत तिथेच 19 वर्षांच्या एका नव्या मुलाला भरपूर दारू पाजली गेली, तो जिन्यावरून पडला आणि 'भावांना', म्हणजे फ्रॅटर्निटीच्या सदस्यांना, मदतीचा फोन करायला जवळजवळ बारा तास लागले. तो वाचला नाही. तेव्हा आपल्या घरात नियमांची पाटी ठळक लावलेली आहे, हे अहवालात जरूर नोंदवा.

विम्याबद्दल गप्प राहा. फ्रॅटर्निटीचं राष्ट्रीय कार्यालय विम्याचे पैसे तुमच्याकडून घेतं, पण नियम मोडलेत तर संरक्षण उडू शकतं. मग फिर्यादीचे वकील आईवडिलांच्या घराच्या विम्यापर्यंत पोचल्याचीही उदाहरणं आहेत. न्यू जर्सीत हप्ते फेडणाऱ्या बाबांना हे आधी सांगून काय साधणार? त्यांना झोप लागू द्या.

एक अडचण नवी आहे. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा 1999 साली केला; अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे होते, पण हेझिंगवरच्या, म्हणजे तिथल्या रॅगिंगवरच्या, केंद्रीय कायद्याला 2024 चा डिसेंबर उजाडला. आता कोणत्या संघटनेने काय केलं आणि कधी केलं, हे कॉलेजला आपल्या वेबसाइटवर टाकावं लागतं. घाबरू नका, त्यात संघटनेचं नाव येतं, पोरांची येत नाहीत. चॅप्टर बंद पडला तरी लिंक्डइनवर 'सेक्रेटरी; नेतृत्वगुण, संवादकौशल्य' शाबूत राहतं. फक्त कॉलेजची यादी झळकायच्या आत देणगीचं आवाहन पोस्टात पडेल, एवढं बघा.