आधी तुम्ही, आधी तुम्ही

काल शनिवारी रात्री साडेनऊ वाजता मी इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका धर्मकाट्याच्या, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्याच्या, कोंदट खोलीत दोन टर्मिनल उघडून बसलो होतो. एका प्रोग्रामने सिरियल पोर्टवरून ट्रकचे वजन घ्यायचे आणि दुसऱ्याने ते मागून घेऊन पावती छापायची, एवढेच काम होते. त्यासाठी लिनक्सच्या एमकेफिफोने दोन नेम्ड पाइप (ऊर्फ फिफो) करून ठेवले होते, एक मागणीचा आणि एक उत्तराचा. नेम्ड पाइप म्हणजे फाइलसारखे नाव असलेली नळी, एका प्रोग्रामने एका टोकाने लिहायचे आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाने वाचायचे. दोन्ही प्रोग्राम सुरू केले आणि दोन्ही गप्प बसले. ना एरर, ना क्रॅश, सीपीयूचा वापर शून्य. बाहेर सोयाबीनचा ट्रक उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी दारातून डोकावून विचारत होता, ‘हो गया क्या, भिया?’

झाले होते ते असे. वजनाचा प्रोग्राम मागणीचा पाइप वाचण्यासाठी उघडत होता आणि पलीकडून कोणी तो लिहिण्यासाठी उघडेपर्यंत त्याच ओळीवर थांबला होता. पावतीचा प्रोग्राम उत्तराचा पाइप वाचण्यासाठी उघडत होता आणि तोही तसाच थांबला होता. लिहिण्यासाठी उघडण्याची ओळ दोघांच्याही कोडमध्ये होती, पण ती पुढची, आणि तिथवर कोणी पोहोचतच नव्हते. मांडवाच्या दारात दोन व्याही ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभे राहावेत आणि आत पंगत ताटकळावी, तसा प्रकार. साधी फाइल उघडताना ओपन हे फंक्शन कसे मुकाट्याने फाइलचा क्रमांक हातात देऊन मोकळे होते. इथे मात्र उघडणे हेच वाट पाहणे आहे, आणि ज्याची वाट पाहायची तो जन्माला आला आहे की नाही, याचीही चौकशी नाही.

‘थांबू नकोस’ असे ओपनला बजावणारे नॉनब्लॉक लावावे, तर तिथेही पंक्तिप्रपंच. वाचणाऱ्याला लगेच प्रवेश मिळतो आणि लिहिणाऱ्याला, समोर वाचक नसेल तर, ‘असे उपकरण किंवा पत्ता नाही’ अशा अर्थाचा एरर तोंडावर फेकला जातो. अहो, पत्ता नाही कसा? फाइलींची यादी दाखवणारे एलएस -एल केले की तोच पाइप ओळीच्या सुरुवातीला ‘पी’ मिरवत उभा दिसतो! परवानग्यांचेही तेच. मी ०६६६ मागितले, म्हणजे सगळ्यांना वाचता-लिहिता यावे, पण परवानग्या छाटणाऱ्या यूमास्कने परस्पर कात्री चालवून ०६४४ दिले, म्हणजे लिहिणे फक्त मालकाला, आणि मागच्या महिन्यात ऑपरेटरच्या लॉगिनमधून लिहिता येईना म्हणून माझी अख्खी दुपार गेली. प्रोग्राम दुसऱ्यांदा चालवला की ‘फाइल आधीच आहे’, कारण मागचा पाइप अनलिंक करायला, म्हणजे पुसायला, मी विसरलेलो असतो. वाचणारा मध्येच बंद पडला, तर पुढच्या राइटला सिगपाइप हा सिग्नल येऊन लिहिणारा जागच्या जागी मरतो आणि मी हौसेने लिहिलेला पीएररचा, म्हणजे चूक सांगणारा, संदेश कधी उमटतच नाही. हे सगळे सांगायला गेलो की एक सहकारी मान तिरकी करून ‘सॉकेट का नाही वापरत?’ म्हणतो. सॉकेट म्हणजे दोन प्रोग्राम जोडायचा दुसरा मार्ग. त्या मानेचा मला विशेष राग आहे.

आता माझ्याबद्दल. प्रोग्राम कुठे अडकला हे पाहण्यासाठी मी ठिकठिकाणी स्क्रीनवर संदेश छापणारे प्रिंटएफ घातले, पण संदेशाच्या शेवटी नव्या ओळीचे चिन्ह घातले नाही. मजकूर बफरमध्येच, म्हणजे छापण्याआधीच्या साठ्यातच, बसून राहिला, प्रोग्राम त्या ओळीपर्यंत आलाच नाही असा निष्कर्ष मी काढला, आणि दीड तास सिरियल केबलवर संशय घेऊन ती दोनदा बदलली. शेवटी प्रोग्राम सिस्टिमकडे काय मागतो ते दाखवणारा एसट्रेस लावला तेव्हा दोन्ही प्रोग्राम ओपनवर खिळलेले स्पष्ट दिसले. फिफोच्या मॅन्युअलमध्ये हे पहिल्या काही परिच्छेदांतच लिहिलेले आहे, आणि ‘मॅन्युअल वाचायची सवय लावा’ हे व्याख्यान मी दिवाळीपूर्वीच ऑफिसातल्या नव्या मुलांना दिले होते. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर सोमवारी त्याने चेहरा गंभीर ठेवावा.

पावतीच्या प्रोग्राममध्ये दोन ओळींची अदलाबदल केली, म्हणजे दोघेही आधी मागणीचा पाइप उघडू लागले, आणि वजन सुरळीत आले. पावती छापली गेली. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. ड्रायव्हरने ती घडी करून खिशात घातली, आणि त्याच वेळी लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. पावतीच्या प्रोग्रामने काम संपवून मागणीचा पाइप बंद केला होता, लिहिणारा कोणी उरला नव्हता, आणि वजनाच्या प्रोग्रामला रीडकडून शून्य, शून्य, शून्य, म्हणजे ‘वाचायला काही उरले नाही’, मिळत होते आणि तो तितक्याच निष्ठेने पुन्हा पुन्हा विचारत होता.

‘भिया,’ ड्रायव्हर दारातून वळून म्हणाला, ‘ये अब क्यों चिल्ला रही है?’