डिपस्टिक नसलेला गिअरबॉक्स आणि ‘इंजिन बंद करून बोल्ट खोला’ सांगणारा मेसेज

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) दिलेली नाही, म्हणजे कंपनीने ऑइल आयुष्यभरासाठी भरलंय. तरी शंका असेल तर इंजिन बंद करून खालचा बोल्ट खोला, ऑइल आलं की भरपूर आहे असं समजा. कमी असेल तर कुठलंही लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओता. आणि जास्त चाललेल्या गाडीचं ऑइल कधीच बदलू नका, गिअरबॉक्स जातो. माझा मेहुणा हे वाचून गाडीखाली शिरायच्या तयारीत आहे, म्हणून लिहावं लागतंय. यातला दुसरा सल्ला पाळला तर धडधाकट गिअरबॉक्सची वाट लागते, तेव्हा आधी तोच घेतो.

गिअरबॉक्समधला पंप इंजिनच्या जोरावर फिरतो. इंजिन चालू असताना तो पॅनमधलं (तळाच्या भांड्यातलं) ऑइल उचलून टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) आणि कूलरच्या नळ्या भरलेल्या ठेवतो, त्यामुळे पॅनमधली पातळी खाली जाते. लेव्हल प्लगची, म्हणजे पातळी बघायच्या बोल्टची, उंची ठरवलेली असते ती याच स्थितीसाठी. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, वरचं बरंचसं ऑइल पॅनमध्ये उतरतं आणि पातळी चढते. अशा वेळी प्लग खोलला तर ऑइल कमी असलेल्या गिअरबॉक्समधूनही जोरात धार येते. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. धार थांबेपर्यंत वाट बघत बसलात, तर आहे तेही सांडून जातं. मग वळणावर किंवा चढावर फिल्टरचं तोंड उघडं पडतं आणि पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. फेस होतो, दाब पडतो, क्लच प्लेटा घसरतात आणि जळतात. डी टाकल्यावर गाडी उशिराने हलते, गिअर बदलताना आरपीएम उगाच चढतो. ही लक्षणं दिसेपर्यंत नुकसान सुरू झालेलं असतं.

ऑइल बदलून पातळी बघायची बरोबर पद्धत अशी. गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून स्टँडवर सपाट ठेवा. फक्त पुढून जॅक लावला तर पातळी खोटी दिसते, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. आधी फिलर प्लग (ऑइल भरायचा बोल्ट) सैल होतोय का ते बघा, मगच ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या बोल्टला) हात लावा. फिलर प्लग गंजून अडकला असेल आणि तुम्ही ऑइल काढून बसलात, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात धरा आणि गार झाल्यावर मोजून तेवढंच नवीन भरा. मग इंजिन चालू करून, ब्रेक दाबून ठेवून, पी-आर-एन-डी असा प्रत्येक ठिकाणी काही सेकंद लिव्हर थांबवत फिरवा आणि परत पीमध्ये आणा. ऑइलचं तापमान स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघा. बऱ्याच गिअरबॉक्सना ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यानची मर्यादा असते, टोयोटाच्या अनेक मॉडेलांत ती त्याहून अरुंद. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. त्या तापमानाला, इंजिन चालू ठेवूनच, लेव्हल प्लग खोला. धार येऊन ती बारीक होत थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर थेंब पडेपर्यंत भरा. प्लग नव्या वॉशरसह घट्ट बसवा आणि त्यानंतरच इंजिन बंद करा.

‘गाडी चांगली तापवून बघा’ असाही सल्ला देतात. तो डिपस्टिकवाल्या जुन्या गाड्यांचा. ९ लिटर ऑइल ५० अंशांनी तापलं तर साधारण पाव ते एक तृतीयांश लिटर फुगतं. म्हणजे ९० अंशांना प्लग खोललात तर तेवढं जास्तीचं ऑइल वाहून जातं, आणि हात भाजतो तो वेगळाच.

अजून एक घोळ मी वारंवार बघतो. टोयोटाच्या बऱ्याच गिअरबॉक्सना पॅनच्या तळाशी एकच प्लग असतो आणि त्याच्या आत एक उभी नळी. नुसता प्लग काढला की नळीच्या टोकाच्या वरचं थोडंसं ऑइल येतं आणि थांबतं. लोक समजतात, रिकामं झालं. आणि वरून चार लिटर ओततात. सगळं ऑइल काढायचं तर ॲलन कीने ती नळीही काढावी लागते, आणि भरण्याआधी परत बसवावी लागते. ती विसरलात तर भराल तेवढं खाली येईल.

‘आयुष्यभराचं ऑइल’ याला फार वेळ द्यायची गरज नाही. असं सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांत झेडएफ या जर्मन कंपनीचे गिअरबॉक्स आहेत, आणि झेडएफ स्वतः सांगते की वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला. गिअरबॉक्स बनवणारा हे सांगतोय, अजून काय पुरावा हवा?

‘लाल ते सगळं सारखं’ हेही साफ चूक. लाल हा फक्त रंग आहे. झेडएफच्या ८ गिअरवाल्या बॉक्सचं ऑइल हिरवं असतं. टोयोटाने डब्ल्यूएस प्रकारचं ऑइल सांगितलं असेल तिथे त्यांचंच जुनं टी-४ चालत नाही. सीव्हीटीमध्ये (गिअरऐवजी पट्टा आणि पुली असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडतात. डब्यावरच्या रंगाऐवजी स्पेसिफिकेशनचा नंबर जुळवा.

राहिला शेवटचा मुद्दा, जास्त चाललेल्या गाडीचं ऑइल बदलू नका हा. त्यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करावं लागतं. आधीच स्लिप होणाऱ्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्यावर तो थोड्याच दिवसांत बसतो, असं घडतं. पण बहुतेक वेळा प्लेटा आधीच गेलेल्या असतात आणि दोष शेवटी केलेल्या कामावर येतो. मशीन लावून जोराने फ्लश केलं, म्हणजे दाबाने सगळं जुनं ऑइल ढकलून काढलं, तर साचलेली घाण व्हॉल्व्ह बॉडीत जाऊ शकते, म्हणून जास्त चाललेल्या गाडीला फ्लश नको. नुसतं ड्रेन करून भरा. ८ लिटरच्या बॉक्समधून दर वेळी ३ लिटर निघत असेल, तर एका खेपेत ३८ टक्के ऑइल नवं होतं, दोन खेपांत ६१ आणि तीन खेपांत ७६. दोन खेपांमध्ये गाडी नीट चालवा, म्हणजे जुनं-नवं मिसळतं. पॅन उतरवलाच तर आतले चुंबक बघा. त्यांवर राखाडी मऊ लेप असेल तर पुसून पुढे जा. धातूचे कण किंवा तुकडे बोटाला टोचत असतील, तर नवं ऑइल भरायच्या आधी गिअरबॉक्स खोलून बघावा लागेल.