घराचं पक्कं बिल

आमच्या देवघराशेजारच्या भिंतीला एक भेग आहे. फरशीपासून निघून तिरपी वर खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली. मागच्या श्रावणात आईचं उदबत्तीचं पितळी घर हरवलं, तेव्हापासून ती उदबत्ती त्या भेगेतच खोचते. नीट उभी राहते. पाहुणे आले की मला शरम वाटते, आईला नाही. "पैसे देऊन घेतली हाय भेग, वापराची नाही का?" म्हणते.

हे सांगायचं कारण म्हणजे परवा आमच्या गावच्या ग्रुपवर कोणीतरी मेसेज टाकला : तालुक्यातील विनापरवाना ठेकेदारांवर तात्काळ कारवाई झालीच पाहिजे. खाली अंगठ्यांची रांग. मीही अंगठा दाबणारच होतो, कारण माझ्याइतका पोळलेला माणूस त्या ग्रुपवर दुसरा नसेल. पण हात थांबला. विनापरवाना म्हणजे कोणता परवाना नसलेला?

माझं कृषी केंद्र आहे. बियाण्याचा परवाना वेगळा, खताचा वेगळा, कीटकनाशकाचा वेगळा. तिन्ही काचेच्या फ्रेममध्ये काउंटरमागं लटकवलेले. पदवी शेतीची नाही म्हणून कृषी दुकानदारांसाठीचा वर्षभराचा 'देसी' कोर्सही केला, सुट्टीचे दिवस घालवून. घरात वायरिंग करणाऱ्यालाही सरकारी लायसन लागते. आता तुमच्या डोक्यावर स्लॅब टाकणाऱ्या माणसाला काय लागते? काहीच नाही. सार्वजनिक बांधकाम विभागात ठेकेदारांची नोंदणी असते, वर्गवारीसुद्धा असते, पण ती सरकारी कामं घेण्यापुरती. बिल्डरांसाठीचा रेरा कायदा म्हणाल तर तो विकायच्या फ्लॅटसाठी आणि प्लॉटसाठी, तेही 500 चौरस मीटरच्या वरची जागा आणि आठाहून जास्त घरं असली तर. आपल्या गावठाणातल्या घराशी त्याचा काही संबंध येत नाही. म्हणजे ज्याच्यावर कारवाई करा म्हणता, त्यानं मोडलेला परवान्याचा नियमच कुठं लिहिलेला नाही.

माझा ठेकेदार तालुक्याहून यायचा. पांढरी गाडी, छापील कार्ड, हातात दोन मोबाइल. स्क्वेअर फुटाला 1550, मटेरियलसकट. साडेचौदा लाखांचं काम. "स्लॅबवर हत्ती नाचवा भाऊ, काही होत नाही." हत्ती कुठून आणणार होतो कोण जाणे, पण मी खूश झालो.

आमची जमीन काळी, खोल. कपाशीला जेवढी चांगली, तेवढीच घराला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे महिन्यात वावरातल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो हे ज्याला त्याला माहीत आहे. खोल काळ्या मातीत हे फुगणं-आकसणं साडेतीन मीटरपर्यंत पोचतं. म्हणून एक तर मुरूम लागेपर्यंत खोदायचं, नाहीतर खाली फुगा असलेल्या पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घ्यायच्या. माझ्या ठेकेदारानं चार फूट खोदलं. मुरूम लागला का विचारलं, तर पिवळट ढेकूळ उचलून दाखवलं, "हा काय, लागला नं."

त्याच दिवशी आमच्या गावचे म्हातारे मिस्त्रीमामा रस्त्यानं जाताना थांबले होते. बाबांचं जुनं घर त्यांच्याच हातचं. गड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बापू, याच्यात बकेटभर पाणी टाक आन् उद्या सकाळी पाय देऊन पाह्य. पायाले चिकटलं तर मुरूम नाही समजाचं." मी हो म्हटलं आणि सोडून दिलं. मामांकडे कार्ड नव्हतं.

स्लॅब पडला मे महिन्यात. ऊन पंचेचाळीसच्या घरात, गावात नळ चार दिवसांआड. अशा उन्हात काँक्रीट निदान दहा दिवस ओलं राहायला पाहिजे. आमच्याकडे तराई झाली पाच दिवस, तीही संध्याकाळी पाइपनं शिंपडल्यासारखी. बीमखालचे टेके चौदा दिवस तरी ठेवायचे असतात. नवव्या दिवशी सेंट्रिंगच्या प्लेटा काढून पोरं ट्रॅक्टरमध्ये भरत होती, कारण दुसऱ्या गावचा स्लॅब खोळंबला होता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मला कळत नव्हतं असं म्हणून सुटता येत नाही, कारण फवारणीचं प्रमाण अर्ध्या मिलीनं चुकलं तर गिऱ्हाइकाला टोकणारा माणूस मी.

पहिल्या पावसाळ्यात भेग पडली. यवतमाळहून ओळखीचा एक इंजिनिअर आला. त्यानं भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवली. म्हणाला, काच शाबूत राहिली तर भेग जुनी झाली समजा, फुटली तर घर अजून हलतंय. दसऱ्याला फुटली. मग भिंतीलगत गड्डा घेतला, मुरूम सात फुटांवर होता. पुढच्या मजल्यासाठी स्लॅबवर सळया वर काढून ठेवतात ना, तिथं त्यानं माप घेतलं. ठरलं होतं 12 एमएम, निघालं 10. बाराची सळई मीटरला 888 ग्रॅम, दहाची 617. म्हणजे दर मीटरमागं तीस टक्के लोखंड माझ्या घरात आलंच नाही. ते कोणाच्या घरात गेलं हे मला ठाऊक आहे, पण सोडा.

यानंतरची गोष्ट भेगेपेक्षा महत्त्वाची आहे. मी वकिलाकडे गेलो. कायदा अगदीच नाही असं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' म्हणजे काय ते सांगताना गृहबांधणीचं नाव घेतलेलं आहे. 50 लाखांपर्यंतचं काम जिल्हा आयोगाकडे चालते. माझ्यासारख्या कामाला फी 400 रुपये, पाच लाखांच्या आत असलं तर फीच नाही. तक्रार दोन वर्षांत करायची. वकील म्हणाले, करारनामा काढा. नाही. बिलं? नाही. पावत्या? पोराच्या वहीच्या शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात 'अॅडव्हान्स 50,000' वगैरे, खाली सही नाही. चार लाख फोनवरून पाठवलेले तेवढे दिसतात, बाकी नगदी. नोटीस गेली, त्याला आलेलं उत्तर मी अजून जपून ठेवलं आहे. साहेबांचं म्हणणं असं, की ते ठेकेदार नाहीतच. त्यांनी ओळखीखातर फक्त मजूर मिळवून दिले. नकाशावर सही करणारा इंजिनिअर म्हणतो, मी कागद दिला, देखरेख माझ्याकडं नव्हती. तेही खरंच आहे म्हणा, तो एकदाही आला नव्हता.

तर मुद्दा हा, की साडेचौदा लाखांचं घर बांधलं कोणी, हे सांगणारा एकही कागद या पृथ्वीवर नाही. आणि मी दहा रुपयांच्या पुडीलाही गिऱ्हाइकाला बिल देतो!

आता परवान्याबद्दल. मी स्वतः तीन परवान्यांचा धनी असल्यामुळं मला त्याची किंमत माहीत आहे. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ज्या दुकानांमधून औषध गेलं त्यांतल्या कित्येकांच्या भिंतींवरही परवाने होतेच. उद्या ठेकेदारांसाठी लायसन काढलं तर पहिल्या महिन्यात कोणाकडे असेल? पांढऱ्या गाडीवाल्याकडे. डिप्लोमा मागितला तर मिस्त्रीमामा बाद, कारण त्यांची शाळा चौथीला सुटली. आणि वर आणखी एक टेबल, आणखी एक सही, आणखी एक पाकीट. मला ते नको.

बियाणं उगवलं नाही तर शेतकरी तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करतो. समिती वावरात येते, पंचनामा होतो. पण तिथं पहिला प्रश्न काय असतो? बिल आहे का, लॉट नंबर काय. बिल असलं तर कंपनीपर्यंत दोरी जाते. नसलं तर दुकानदार मान हलवतो, "आमच्याकडून नेलंच नाही." परवान्यापेक्षा त्या कागदावर माझा भरवसा जास्त आहे. घराला तसा कागद पाहिजे, आणि तो तयार करायला मुंबईला जायची गरज नाही.

1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम 52 बघा. गावात घर बांधायचं तर ग्रामपंचायतीची आधी परवानगी. 2021 पासून 1600 चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवरच्या घराला ते आणखी सोपं केलं : मालकीचे कागद, नकाशा, आणि लायसनवाल्या इंजिनिअरचा किंवा आर्किटेक्टचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा. चांगलं केलं, नगररचनेचे हेलपाटे वाचले. पण ती फाइल उघडून पाहा. मालकाचं नाव आहे, इंजिनिअरचं आहे, शेजाऱ्याची हद्द आहे. ज्याच्या हातून घर उभं राहणार तो माणूस कुठंच नाही.

म्हणून माझं मागणं लहान आहे. ग्रामपंचायतीनं एक नोंदवही घालावी. गावात काम घेणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराचं आधारवरचं नाव, पत्ता, फोन आणि त्यानं आधी बांधलेली तीन घरं. फी शून्य. परवानगीच्या फाइलला एक पानाचा करार जोडायचा : किती खोल खोदणार, सळई किती एमएम, पैसे कोणत्या टप्प्यावर. आणि दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत मालकाकडे. अशी रक्कम अडवून ठेवणं हे मी मनानं काढलेलं खूळ नाही. हाच ठेकेदार सरकारी काम घेतो तेव्हा दोषदायित्व कालावधी (तेवढ्या मुदतीत दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चानं) आणि सुरक्षा अनामत मुकाट्यानं मान्य करतो. प्रधानमंत्री ग्रामसडकेच्या कडेला पाटी बघता ना तुम्ही, ठेकेदाराचं नाव आणि पाच वर्षं देखभाल? रस्त्याला पाटी आहे, घराला का नको?

घरकुलाचं तर आणखी अवघड. मूळ अनुदान 1 लाख 20 हजारांचं. प्रधानमंत्री आवास योजनेचा नियम असा की लाभार्थ्यानं घर स्वतः बांधायचं, मधे ठेकेदार आणायचाच नाही. प्रत्यक्षात एकच माणूस एका वस्तीतली पंधरा-वीस घरकुलं उचलतो, आणि हप्ता खात्यात पडला की विड्रॉलची स्लिप भरून दारात उभा. जिओटॅगच्या, म्हणजे जागेची खूण असलेल्या सरकारी फोटोत जोतं दिसते, जोत्यातलं लोखंड दिसत नाही. नियमानं तो नाहीच, त्यामुळं त्याच्याविरुद्ध बोलायलाही जागा नाही. त्याच योजनेत गवंड्यांना 45 दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ते आपल्या गावच्या पाच-सहा पोरांना द्या, नोंदवहीत त्यांची नावं वर लिहा, मला आनंद आहे.

मजुरांचं एका वाक्यात सांगतो. बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याण मंडळात नाव घालायला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार तो देत नाही, कारण सही केली की तो ठेकेदार ठरतो.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हे मांडलं. उत्तर आलं, "आपल्याले अधिकार नाही." मी कलम दाखवलं. मग म्हणाले, करार नसला म्हणून परवानगी नाकारली तर कोर्टात कोण जाईल? रास्त प्रश्न आहे. मी नाकारा म्हणतच नाही, मागा म्हणतो. दिला तर फाइलला लावा, नाही दिला तर 'दिला नाही' एवढं लिहून ठेवा. एक जण मागून ओरडला, "तुमचं घर फाटलं म्हणून साऱ्या गावाले कागदं कराले लावता का?" हशा झाला. मीही हसलो, काय करता.

2 ऑक्टोबरला पुन्हा ग्रामसभा आहे. ठराव लिहून आणतो आहे. ज्यांनी ग्रुपवर अंगठे दाबले, त्यांनी त्या दिवशी हात वर करायला यावं.

काल संध्याकाळी दुकान बंद करून येताना आमच्या गल्लीच्या टोकाला एका पोराचं घर निघालं आहे तिथं थांबलो. गड्डे झाले होते. उतरून पाहिलं, साडेतीन फूट, सारी काळी माती. त्याला पाणी टाकून पाय द्यायचं सांगितलं. मग विचारलं, काम कोणाकडं दिलं रे?

"गुड्डूभाऊकडं."

पूर्ण नाव काय त्याचं?

पोरगं जरा विचारात पडलं. दोन लाख देऊन झाले होते त्याचे. "आता नाव..." म्हणाला, "त्याले सारे गुड्डूच म्हणतात ना भाऊ."