प्रोसेसर बदलावा म्हणते

एएमडी कंपनीचे चार प्रोसेसर: रायझन ७ ५७००, ५७००जी, ५७००एक्स आणि ५७००एक्सथ्रीडी. नावं ऐकून ही सख्खी भावंडं वाटतात, मदरबोर्डावर बसायची जागा, म्हणजे सॉकेट, तेही चौघांचं एकच. पण साधा ५७०० म्हणजे ५७००जीमधलं ग्राफिक्स बंद करून आणलेलं रूप. त्याचा एल-थ्री कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली हाताशी असलेली स्मृती, १६ एमबी. मागे एक्स लागला की तोच कॅशे ३२ एमबी होतो. एक्सच्या मागे थ्रीडी लागलं की थेट ९६. आणि ज्याच्याकडे कॅशे सगळ्यात जास्त, तोच कागदावर सगळ्यात हळू: एक्स ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, एक्सथ्रीडी ४.१ लाच दम खातो. तरीही बहुतेक गेममध्ये पुढे कोण, तर एक्सथ्रीडी. हे सगळं मला माझ्या भाच्यानं समजावून सांगितलं, तेही एकीकडे मोबाइलवर कुणाचा तरी फडशा पाडत.

"मग आकड्यावरून काय ओळखायचं?"

"काही नाही. आत्या, आकड्याकडे बघायचंच नाही."

"मग घालतात कशाला?"

"तू बघावंस म्हणून."

कारटं खोटं बोलत नव्हतं. २००१ साली एएमडीनं अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+ आणला, तो प्रत्यक्षात १५३३ मेगाहर्ट्झवर चालायचा. म्हणजे प्रोसेसरच्या नावातला आकडा आणि त्याचा वेग यांच्यात बोलाचाली बंद झाल्याला बरीच वर्षं लोटली आहेत.

माझ्याकडे होता रायझन ५ १६००, २०१७ चा. सहा कोअर म्हणजे राबणारे सहा मेंदू, बारा थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या बारा रांगा. त्या साली इंटेलचा भारीतला आय-सेव्हन ७७००के चार कोअरवर भागवत होता. त्यामुळे 'आमच्याकडे सहा आहेत' हे वाक्य मी कोअर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसांनाही आवर्जून ऐकवलेलं आहे. ती माणसं 'अरे वा' म्हणून हवापाण्याकडे वळायची. आता तेच सहा कोअर कुणाला सांगायला गेलं की समोरचा सहानुभूतीनं मान हलवतो.

मी शहर वसवायचा गेम खेळते. गोळ्या झाडणं, भिंतींवरून उड्या मारणं मला जमत नाही. मला रस्ते आखायला, सांडपाण्याचे पाइप टाकायला आणि लोकांवर कर बसवायला आवडतं. वस्ती थोडी होती तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. ती लाखाच्या घरात गेली आणि शहराला धाप लागली. बस थांब्यावरून निघायची आणि बराच वेळ निघतच राहायची. कुठे आग लागली तर बंब पोचायला युग लागायचं, पण आगही तितक्याच सावकाश पसरायची, त्यामुळे नुकसान होत नव्हतं, एवढंच समाधान.

"पण चालू आहे ना?" नवऱ्यानं विचारलं.

कुठलीही वस्तू बदलायचा विषय निघाला की त्याचा हा एकच प्रश्न असतो, आणि त्याला उत्तर नसतं. चालू तर असतेच.

आता, दोष प्रोसेसरचाच हे ठरवायचं कसं? ग्राफिक्स कार्ड मी मध्यंतरी बदललं होतं, आरटीएक्स ३०६०. भाच्याच्या मते इथे प्रकरण असं होतं: प्रोसेसर हा चित्रकथेचा लेखक आणि ग्राफिक्स कार्ड हा चित्रकार. कोण कुठे उभा, कोण कुठे वळला, कुणाच्या घरात पाणी नाही, हे लेखकानं ठरवायचं आणि चित्रकारानं रंगवायचं. सेकंदाला साठ चित्रं हवी असतील तर दर चित्रामागे लेखकाला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. माझ्या कथेत पात्रं लाखभर. मग चित्रकार कितीही तरबेज आणा, तो कुंचला धरून बसून राहणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यासाठी इंटरनेटवर गणकयंत्रंही आहेत. प्रोसेसरचं नाव टाका, कार्डाचं नाव टाका, ती दशांश चिन्हासकट टक्केवारीत सांगतात की तुमचं घोडं कुठे अडलंय. तुम्ही कुठला गेम खेळता आणि कुठल्या रिझोल्यूशनला, म्हणजे किती ठिपक्यांच्या चित्रात, यावर सगळं अवलंबून असताना ती इतक्या ठामपणे बोलतात की मला त्यांचा हेवा वाटतो. खरी परीक्षा फुकट आहे आणि घरबसल्या होते. गेमचं रिझोल्यूशन एकदम खाली आणायचं. फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, भराभर वाढल्या तर कार्डावर ओझं होतं. नाही वाढल्या तर प्रोसेसर गुन्हेगार. मी १४४० वरून ७२० वर आणलं. माझं शहर चिखलात बुडाल्यासारखं दिसू लागलं, माणसांची तोंडं चौकोनी झाली, आणि फ्रेमचा आकडा जागचा हलला नाही. एवढ्या वाईट चित्राचा मला एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

तो आनंद नवऱ्यानं टिकू दिला नाही. त्यानं प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर पाहिला. "चाळीस टक्के दाखवतोय. साठ टक्के तर रिकामा आहे की! आधी तो वापर." हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण बारा थ्रेडची ती सरासरी असते. गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर चढलेलं असतं. तो शंभर टक्क्यांवर तोंडाला फेस येईपर्यंत धावतो आणि बाकीच्यांपैकी निम्मे त्याची वाट बघत असतात. सगळं काम बारा जणांत सारखं वाटता येत नाही, कारण पुढचं पाऊल मागच्यावर अवलंबून असतं. हे समजावून सांगताना मी आलेख काढला, बाण काढले. तो म्हणाला, "म्हणजे चालू आहे."

शेवटी मला विंडोजनं तारलं. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत माझा १६०० नाही. "सुरक्षेचा प्रश्न आहे," मी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. सुरक्षा हा शब्द घरात असा काही बसला की शहराचा, बसचा आणि आगीचा विषयच पुढे निघाला नाही. यात तसूभरही खोटं नव्हतं. फक्त कारणांचा क्रम मी जरा बदलला होता.

मग निवड. एक मार्ग म्हणजे सरळ एएमफाइव्ह या नव्या सॉकेटवर जायचं. प्रोसेसर नवा, म्हणून मदरबोर्ड नवा, म्हणून रॅमही नव्या जातीची, डीडीआरफाइव्ह, आणि एवढं झाल्यावर तो जुना पॉवर सप्लाय कशाला ठेवायचा. यातून जुनं असं फक्त पॉवरचं बटण उरतं. दुसरा मार्ग, आहे त्याच एएमफोर सॉकेटच्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवायचा. या सॉकेटला २०१६ पासून इतकं आयुष्य लाभलंय की पहिल्या पिढीसोबत घेतलेल्या बी३५० बोर्डावर, बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करून देणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यास रायझनची ५००० मालिकाही चालते. इंटेलवाल्यांना हे सुख नव्हतं. त्यांच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या सॉकेटला ११५१ संपर्कबिंदू, आठव्या-नवव्या पिढीलाही ११५१, आणि तरीही जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. मोजून बघितले तरी तेवढेच भरतात, यापेक्षा मोठा मनस्ताप कुठला?

म्हणजे उमेदवार ठरले: रायझन ५ ५६०० किंवा ५७००एक्सथ्रीडी. इथे मी परीक्षणांचे आलेख बघायला लागले आणि झोप उडाली. प्रत्येक आलेखात एक पट्टी दुसरीपेक्षा घसघशीत लांब. पण तळाची बारीक अक्षरं वाचली तर चाचणी बाजारातल्या सगळ्यात दांडग्या कार्डावर, १०८० पिक्सेलवर केलेली असते. त्यांचं बरोबरच आहे. प्रोसेसरमधला फरक दिसावा म्हणून कार्ड वाटेतून दूर करावंच लागतं. फक्त माझ्या घरात ते कार्ड नाही. माझ्या ३०६० वर १४४० ला चकचकीत गेम खेळले तर त्या दोन पट्ट्यांची लांबी सारखीच भरेल, कारण तिथे अडणारा चित्रकार आहे. म्हणून असे गेम खेळणाऱ्यानं ५६०० घ्यावा आणि उरलेले पैसे कार्डासाठी ठेवावेत, हे माझं स्पष्ट मत. माझी गोष्ट वेगळी, कारण लाख माणसांची माहिती सारखी चाळायची तर ती रॅमपर्यंत जाऊन आणण्यापेक्षा हाताशी, कॅशेमध्ये असलेली बरी. सिम्युलेशनचे गेम या ९६ एमबीवर फुलतात ते यासाठीच.

ठरलं म्हणेपर्यंत ऑफिसातल्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, "घाई करू नका, सहा महिने थांबा. नवीन येतायत." हे गृहस्थ मी त्यांना ओळखते तेव्हापासून थांबलेले आहेत. पुढे इंटेल स्थापन करणाऱ्यांपैकी एक, गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होतील असं म्हटलं, १९७५ मध्ये ते दोन वर्षांवर आणलं, आणि तेव्हापासून जगात थांबणाऱ्यांना कधीच कारण कमी पडलेलं नाही.

प्रोसेसर आला. पण आधी बायोस, आणि तोही जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच. अनेक जुन्या बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची असते, त्यामुळे नव्या प्रोसेसरांची माहिती कोंबताना काही कंपन्यांनी काही जुन्यांची काढून टाकली, काहींनी बायोसमधली चित्रंबित्रं. म्हणजे माझ्या प्रोसेसरच्या कॅशेत अख्खा बायोस सहा वेळा बसला असता. अपडेटची पट्टी मधेच थबकली. या क्षणी वीज गेली तर बोर्डाची वीट होते, हे मला पाठ होतं. तेवढ्यात आतून आवाज आला, "इस्त्री लावू का गं?" मी जे उत्तर दिलं ते शेजारीही ऐकू गेलं असावं.

जुना प्रोसेसर काढणं ही वेगळी कला. एएमफोरच्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वर्षानुवर्षं वाळून घट्ट झालेली असते, आणि कूलर सरळ ओढला तर खटका बंद असूनही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो. म्हणून आधी कॉम्प्युटर चांगला तापवायचा, मग बंद करून कूलर हलके पिळत सोडवायचा. तापवायचा कसा? गेम खेळून. तेव्हा प्रोसेसर बदलण्यापूर्वी बराच वेळ गेम खेळणं ही तांत्रिक गरज आहे, हे मी घरात सर्वांना सांगून ठेवलं आणि मन लावून पार पाडलं. नव्याच्या खोक्यात कूलर नसतोच, आणि कॅशेचा जादा थर कोअर असलेल्या चिपच्या डोक्यावरच बसवलेला असल्यानं उष्णता बाहेर पडायला कुरकुर करते. म्हणून उंच कूलर. त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का हे नवऱ्यानं टेपनं मोजून दिलं. या सगळ्या खटाटोपातलं हे एकच काम त्याला पटलं.

बटण दाबलं. काळा पडदा. मग पांढऱ्या अक्षरांत एक सूचना: नवीन प्रोसेसर आढळला आहे, एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी प्रोसेसरमधली डबी) रीसेट करायचं तर 'वाय' दाबा, नाहीतर 'एन'. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की जवळ असल्याशिवाय 'वाय' दाबू नका, असंही. असा प्रश्न माणसाला बेसावध गाठून विचारू नये. बिटलॉकर बंद आहे याची खात्री मी आधीच केली होती, तरी 'वाय'वर बोट ठेवताना भाच्याकडे बघितलंच. तो म्हणाला, "आता रॅम बघ." बायोस अपडेट झाला की सेटिंग मूळपदावर जातात, त्यामुळे ३२०० ची रॅम निमूट २१३३ वर चालत होती. रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारं एक्सएमपी हे सेटिंग पुन्हा चालू केलं.

रात्री शहर उघडलं. बस थांब्यावरून निघाली आणि खरोखर निघाली. माणसं झपझप चालू लागली, ढग सरकू लागले. औद्योगिक वसाहतीत आग लागली तीही आता खऱ्या वेगानं पसरत होती, आणि बंब मुख्य चौकात अडकला होता, कारण चारही दिशांच्या गाड्या एकाच पुलावर चढू बघत होत्या. पूर्वी सगळंच थांबलेलं असल्यामुळे ही कोंडी वेगळी अशी दिसायची नाही.

"आत्या, दुसरा पूल लागेल," भाचा म्हणाला.

तिजोरीत पैसे नव्हते. मी कर वाढवले. आता लाखभर लोक माझ्यावर नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी एकही फ्रेम न चुकता दिसते.