पाहुणे उतरवायचे कुठे: दादर की गिरगाव?

प्रश्न साधा. नागपूरहून चौघे येणार, तीन दिवस, नाटक आणि संग्रहालयांची हौस. पण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर विचारला, म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं.

"दादर! पश्चिम, मध्य दोन्ही लाइनी. शिवाजी मंदिर नाट्यगृह चालत, रवींद्र नाट्य मंदिर जवळच प्रभादेवीला. आणखी काय पाहिजे?"

"झोप," गिरगावकर म्हणाला. "स्टेशनलगतच्या लॉजवर रात्रभर भोंगे. त्यापेक्षा गिरगाव. खोताची वाडी आहे, साहित्य संघाचं नाट्यगृह आहे, 1893 साली सार्वजनिक गणपती बसला ती केशवजी नाईकांची चाळ आहे. मेट्रो 3 नं हुतात्मा चौक तिसरं स्टेशन, तिथून जहांगीर कलादालन दहा मिनिटं पायी. विमानतळावरूनही थेट. शिवाय मेट्रोला रविवारचा मेगाब्लॉक नाही."

"मग थेट फोर्टातच राहू दे की," तिसरा.

"रविवारी तिथं शटरंच बघत बसतील." फोर्ट तिथेच निकालात निघालं. एवढं मात्र खरं, की सोमवारी घारापुरीची लेणी बंद, तेव्हा तो दिवस चाळी-वाड्यांसाठी ठेवावा.

दादरकर हटेना. "साडेआठचं नाटक अकराच्या पुढे सुटतं. मेट्रो साडेदहाच्या सुमाराला संपते."

"लोकल आहे ना! फक्त चर्चगेट स्लो पकडायची. फास्ट गिरगावच्या चर्नी रोड स्टेशनला थांबेलच असं नाही, नवखा माणूस मुंबई सेंट्रलनंतर थेट चर्चगेटला पोचायचा."

गिरगावची खोडही त्यानंच सांगितली: जुन्या इमारती, लाकडी जिने, लिफ्ट नाही. खोली ठरवण्याआधी फोन करून मजला, लिफ्ट आणि खिडकी विचारायची. खिडकी आहे म्हणाले तर ती रस्त्यावर उघडते की पॅसेजमध्ये, तेही. जाहिरातीतल्या 'साउथ मुंबई'वर जायचं नाही, नकाशात स्टेशनपासूनचं अंतर बघायचं. अनंत चतुर्दशीला गिरगावात टॅक्सी आत येत नाही. 6 डिसेंबरला तीच गत दादरची.

"आणि परतीची गाडी?"

"सीएसएमटीहून. तिथे आधी लागते, बॅगा नीट लावता येतात. दादरला दोन मिनिटांत चढायचं, त्यात प्लॅटफॉर्म शोधा. मध्यचे आता 8 ते 14. गिरगावहून सीएसएमटी दोन स्टेशनं."

"दादरचा फुलबाजार बघायला पहाटे पाचला कसे येतील? तेव्हा मेट्रो नसते."

"पहिली लोकल सव्वाचारच्या आसपास सुटते रे."